मुठीतलं रीळ

"शांत! एकदम शांत! ज्याला खोकायचं असेल त्याने बाहेर जाऊन खोकून यावं!"

उजेडबाबांनी हात वर केला आणि माझ्या थोरल्या भावाच्या घरातली बाहेरची खोली चिडीचूप झाली. तीच त्याची शिवणाची खोली. एका भिंतीला कापडांचे तागे, दुसऱ्या भिंतीला आरसा, मध्ये शिलाईमशीन आणि मशीनवर वाकलेला एक दिवा. भाऊ होता तेव्हा या खोलीत दोन गिऱ्हाइकं आली तरी तिसऱ्याला दारात उभं राहावं लागायचं. आता त्याच खोलीत अर्धी गल्ली गुडघ्याला गुडघा लावून बसली होती, आणि उरलेली अर्धी खिडकीच्या गजांना लोंबकळत होती.

"देह गेला, उजेड उरला!" बाबा गरजले. "शिंपीदादा कुठेही गेलेले नाहीत. ते या दिव्यात आहेत. हिरवा झाला तर होकार, लाल झाला तर नकार. आणि पिवळाच राहिला तर समजा, तुम्हाला प्रश्न नीट विचारता आला नाही!"

शेवटचं वाक्य मला फार आवडायचं. चूक झाली तर ती कोणाची, याची सोय त्यात आधीच करून ठेवलेली होती.

चष्मेवाल्याने विचारलं, "दुकान वाढवू का?" दिवा हिरवा. खोलीभर "आहा!" उमटलं. एका बाईंनी विचारलं, "हरवलेलं कानातलं घरातच आहे का?" दिवा हिरवा. कुठे आहे ते मात्र दिव्याला विचारायची सोय नव्हती, कारण होकार-नकारात कपाटाचा कप्पा सांगता येत नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या काकांनी आपल्या गुडघ्याची सगळी कहाणी सांगितली आणि प्रश्न विचारायचाच विसरले. दिवा पिवळाच राहिला.

"बघा! नीट विचारलं नाही!" बाबा म्हणाले आणि सगळे धन्य झाले.

मी दाराजवळ उभा राहून दात-ओठ खात होतो. कारण तो दिवा मी आणला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. रंग बदलणारे हे दिवे बाजारात आले तेव्हा मला वेडच लागलं. घरी मी नाही नाही ते प्रयोग केले. सकाळी उठायच्या वेळी खोली हळूहळू केशरी व्हावी, पुस्तक वाचताना पांढरी, पाहुणे फार वेळ बसले तर मंद होत जावी, अशी सगळी व्यवस्था फोनवरून लावून ठेवली. एकदा दारावरची घंटा वाजली की न्हाणीघरातला दिवा जांभळा होईल असं करून बसलो. त्या दिवशी बायको आत होती. पुढचं सांगत नाही.

भाऊ गेल्यावर वहिनींच्या घरात संध्याकाळ नकोशी व्हायची. दिवेलागणीला तो मशीनवर बसायचा, आता मशीन अंधारात. म्हणून मी त्याच्या मशीनच्या दिव्यात यातलाच एक दिवा बसवला. त्याची कामाला बसायची वेळ झाली की दिवा आपोआप पिवळा लागायचा, एवढंच. माझ्यासोबत पुतणी होती. माझ्याच हाताखाली शिकलेली, माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. दिव्याची नियंत्रणं मी माझ्या फोनात घेतली आणि तिच्याही. परगावी नोकरी करते, तेवढाच तिला आईच्या घरात एक दिवा लावता येईल, असं म्हणालो होतो.

पुढे काय झालं ते वहिनींनीच मला सांगितलं होतं. भाऊ गेल्यापासून त्यांचं जेवणखाण सुटलं होतं. एका संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलता बोलता त्या मशीनकडे बघून उद्गारल्या, "अहो, आज नाही जेवले तर चालेल का हो?" आणि दिवा लालभडक झाला. वहिनी दचकल्या, रडल्या आणि जेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग रोजच विचारू लागल्या. अर्धवट राहिलेले कपडे न्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाबरोबर एक गृहस्थ आले होते, त्यांनी हे पाहिलं. ते गृहस्थ म्हणजे उजेडबाबा. आठवड्याभरात त्यांनी खोलीत सतरंज्या अंथरल्या, दाराशी टोपली ठेवली आणि दिव्याखाली ठेवलेलं पाणी बाटल्यांत भरून विकायला सुरुवात केली.

टोपली मोबाइलसाठी होती. "मोबाइलच्या लहरींनी आत्म्याला पित्त होतं," असं बाबांचं शास्त्र. स्वतःचा फोन ते सगळ्यांच्या आधी टोपलीत टाकायचे, सगळ्यांना दिसेल असा. खोलीत एकच फोन चालायचा, वहिनींचा. तो मशीनला टेकवून उभा केलेला असायचा आणि त्यावर पुतणी दिसायची. "लेकीचा फोन चालतो. रक्ताच्या लहरी वेगळ्या," बाबा म्हणायचे.

मी शास्त्राचा मास्तर. हे वाक्य रोज ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही.

त्या दिवशी सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर वहिनी पुढे सरकल्या. छातीत गाठ आली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं, लवकर काढून टाका, आत्ता काढली तर बरं होण्यासारखं आहे, थांबू नका. वहिनींनी पदर सावरला आणि हळूच विचारलं, "अहो, ऑपरेशन करू का?"

दिवा क्षणभर पिवळाच होता. मग लाल झाला.

"ऐकलंत?" बाबांनी डोळे मिटले. "ज्यांना सुरीनेच नेलं, ते तुम्हाला सुरीखाली कसे जाऊ देतील? उजेडाचं पाणी घ्या. गाठ विरघळेल."

माझा भाऊ हृदयाच्या ऑपरेशनमध्येच गेला होता. बाबांनी नेम बरोबर धरला होता.

गर्दी पांगल्यावर मी स्वयंपाकघरात वहिनींच्या मागे गेलो. "वहिनी, तुम्ही तरी शुद्धीवर या. दादाला लाल आणि हिरवा यातला फरक कळत होता का?"

हे गुपित घरात फक्त आम्हा तिघांना ठाऊक होतं. गावभर ज्याच्या हाताची शिलाई नावाजलेली, त्या माझ्या भावाला लाल आणि हिरवा एकच दिसायचे. शिंपी आणि रंगांत गोंधळ, हे कळलं असतं तर गिऱ्हाइकं पळाली असती. म्हणून लग्न झाल्यापासून वहिनी त्याला रिळं लावून द्यायच्या. लाल दोऱ्याच्या रिळाच्या कडेला कात्रीने एक खाच, हिरव्याला काही नाही. तो बोटाने खाच चाचपायचा आणि बिनचूक शिवायचा. लेकीलाही कधी कळू दिलं नाही. बापाची मान तिच्यासमोर खाली जायला नको, असं वहिनी म्हणायच्या.

"जन्मभर ज्याला हे दोन रंग ओळखता आले नाहीत, तो मेल्यावर नेमके हेच दोन रंग वापरून बोलेल?" मी विचारलं. मला वाटलं, जिंकलो.

वहिनी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

"भावजी, तेच तर! तिकडे गेल्यावर त्यांना रंग दिसायला लागलेत. मला तेच सांगताहेत ते. आता तुझ्या खाचेची गरज नाही म्हणून."

माझ्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा त्यांनी प्रेमाने उचलून चमत्काराच्या पारड्यात टाकला होता. ज्याला विश्वास ठेवायचाच आहे, त्याला पुरावा दिला की तो त्याचाही नैवेद्य करतो.

मी चिडलो, आणि चिडलेला माणूस घाईत प्रयोग करतो. दुसऱ्या दिवशी बैठक रंगात आल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन इंटरनेटची पेटीच बंद केली. दिवा पिवळ्यावर थिजला. कोणी काहीही विचारलं तरी ढिम्म हलेना. मी छाती पुढे काढून बाहेर आलो. "बघा! इंटरनेट बंद, आत्मा बंद! स्वर्गात काय वायफाय लागतं?"

कोणी हसलं नाही. बाबांनी सुस्कारा सोडला. "घरातल्याच माणसाने अपमान केला. शिंपीदादा रुसले." चष्मेवाला अंगावर धावून आला. पोस्टातले काका म्हणाले, "मास्तर, तुम्हाला भाऊ नकोसा झाला होता का?" आणि वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी सपशेल तोंडावर आपटलो.

ते कोडं सुटलं वर्गात. मी मुलांना नेहमीचा नियम सांगत होतो, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्यात तर कशाने काय झालं ते कळणार नाही. बोलता बोलता खडू हातात तसाच राहिला. मी दोन गोष्टी बदलल्या होत्या. इंटरनेट गेलं तेव्हा दिवा गप्प झाला, आणि त्याच क्षणी मशीनला टेकवलेल्या फोनवरची पुतणीही दिसेनाशी झाली होती. दिव्याची नियंत्रणं दोनच फोनांत होती. एक माझा. तो तर टोपलीत असायचा.

मधल्या सुट्टीत मी पुतणीला फोन लावला. सरळ विचारलं, "दिवा तू बदलतेस का?"

ती म्हणाली, "काका, तू माझ्यावर संशय घेतोस? तू?"

मला स्वतःचीच लाज वाटली. ज्या पोरीला मी बोटाला धरून चंद्राच्या कला समजावल्या, जिने माझ्याकडून पहिलं भिंग घेतलं, तिच्यावर मी आळ घेत होतो. मी म्हणालो, "माफ कर बाळा," आणि फोन ठेवला. खोटं बोलताना तिचा आवाज जराही हलला नव्हता. ते मला नंतर फार लागलं.

तरी डोकं गप्प बसेना. संध्याकाळी मी वहिनींकडे गेलो. "एकच मागणं आहे. एक दिवस तो फोन खोलीबाहेर ठेवून बैठक करा."

वहिनींचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे माझी पोर मला फसवते, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काही म्हणत नाही. तपासून बघा म्हणतो."

"मेलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची? वर पोटच्या पोरीची? तुम्ही घरी जा भावजी."

मी गेलो. मला वाटलं, संपलं. गाठ वाढणार, पाणी विकलं जाणार आणि मी फक्त बघत बसणार.

पण वहिनींनी आयुष्यभर रिळं निवडली होती. एकदा मनात शंका आली की हातातलं रीळ उजेडात धरून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

पुढच्या बैठकीला मी दारातच उभा होतो. बाबांनी सुरुवात केली, "देह गेला, उजेड उरला—"

"बाबा, आज आधी मी विचारते," वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर भावाचा रिळांचा डबा होता. त्या उठल्या, मशीनकडे पाठ केली आणि आमच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डब्यातून एक रीळ काढलं, छातीशी धरून आम्हाला दाखवलं. लाल होतं. मग मूठ मिटली आणि त्या दिव्याकडे वळल्या.

"अहो, आता तुम्हाला रंग दिसतात ना? मग माझ्या मुठीत कोणत्या रंगाचं रीळ आहे, तो रंग दाखवा. एवढंच मागते."

दिवा पिवळाच राहिला. मग तो हिरवा झाला.

वहिनींनी मूठ उघडली. लोकांत कुजबुज सुरू झाली. त्यांनी पुन्हा पाठ केली, दुसरं रीळ काढलं, आम्हाला दाखवलं. हिरवं. यावेळी दिवा हिरवाच झाला, आणि चष्मेवाला "आहा!" म्हणाला. तिसऱ्यांदा लाल, दिवा हिरवा. मग हिरवं, दिवा लाल. आंधळा माणूस चाचपडतो तसा दिवा चाचपडत होता.

"ताई, आत्म्याला असं छळू नये," बाबांच्या कपाळावर घाम आला होता. "पापाच्या धनी व्हाल!"

"थांबा," वहिनी म्हणाल्या. आता त्यांनी पाठ केली नाही. फोनसमोर उभं राहून डब्यातून रीळ काढलं, उघड्या तळहातावर ठेवून फोनपुढे धरलं. दिवा लगेच लाल झाला. दुसरं धरलं. लगेच हिरवा. पुन्हा लाल, पुन्हा हिरवा, पुन्हा हिरवा, पुन्हा लाल. एकदाही चुकला नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला.

"दिव्याला डोळे नाहीत," वहिनी म्हणाल्या. "फोनला आहेत."

फोनच्या पडद्यावर पुतणी तोंडावर हात धरून रडत होती.

"आई, तू जेवत नव्हतीस गं," ती कशीबशी बोलली. "पहिल्यांदा मी नुसता लाल केला, तू जेवावंस म्हणून. तू जेवलीस. मग तू रोज विचारायला लागलीस. मला थांबवताच येईना. उजेडबाबांनी पाहताक्षणी ओळखलं. ते म्हणाले, यात फसवणूक नाही, बोट तुझं आहे पण इच्छा तुझ्या आप्पांची आहे. मला ते खरं वाटायला लागलं."

"आणि ऑपरेशनला लाल?" मी ओरडलो. "तेही आप्पांनीच सांगितलं?"

"आप्पा ऑपरेशनमध्येच गेले ना काका! मला भीती वाटली. बाबा म्हणाले, पाण्याने विरघळेल."

ती माझी विद्यार्थिनी होती. गाठ पाण्याने विरघळत नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. भीती वाटली म्हणून तिने आईच्या जिवाचा निर्णय आपल्या बोटावर घेतला, वर त्याला बापाचं नाव दिलं, आणि मी विचारलं तेव्हा मलाच माफी मागायला लावली. मला त्या क्षणी उजेडबाबांचा राग आला नाही. त्यांचा धंदाच तो. मला राग आला तो तिचा, कारण ती माझी होती.

बाबांनी अजून हार मानली नव्हती. ते उठून उभे राहिले. "पोर अजाण आहे. पण ऐका, बोट मुलीचं असलं तरी इच्छा त्यांचीच—"

"मग इच्छेला मुठीतलं रीळ का दिसलं नाही?" वहिनींनी विचारलं.

बाबांनी टोपलीतून आपला फोन उचलला आणि सतरंज्याही न गुंडाळता निघाले. दारातल्या लोकांनी त्यांना वाट दिली नाही, ढकलत जावं लागलं. पाण्याच्या बाटल्या कोपऱ्यात तशाच राहिल्या. हळूहळू लोक उठले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चष्मेवाला माझ्याशेजारून जाताना पुटपुटला, "मास्तर, मी तर दुकान घेतलंसुद्धा."

खोलीत आम्ही दोघं उरलो आणि फोनवर ती.

वहिनी मशीनसमोर भावाच्या स्टुलावर बसल्या. मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील. त्या फोनकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "तुझे आप्पा गेले तेव्हा मी तग धरला. कुणी देवाने नेलं म्हणाले, कुणी डॉक्टरांना जमलं नाही म्हणाले. आता ते पुन्हा गेले. यावेळी कुणाला बोल लावू?"

"आई—"

"त्यांना रंग दिसायला लागले म्हणून मी किती खूश होते, तुला माहीत नाही. त्यांना लाल-हिरवं वेगळं दिसत नव्हतं, हेच तुला ठाऊक नव्हतं." त्यांनी दिव्याची वायर भिंतीतून उपटली. खोली एकदम साधी झाली, खिडकीतून येणाऱ्या उजेडातली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, डॉक्टरीणबाई उद्या बसतात का?"

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच सांगितलं, पहिल्यांदा आला होतात तेव्हाच केलं असतं तर इतकं मोठं करावं लागलं नसतं, आणि पुढची औषधंही इतकी लागली नसती. वहिनी बऱ्या आहेत, पण पूर्वीसारख्या नाहीत. लाल दिव्याची किंमत त्यांच्या अंगाने भरली आहे.

पुतणी आली होती. दवाखान्यात रात्रंदिवस बसली, पाय दाबले, औषधं दिली. वहिनींनी तिला नाही म्हटलं नाही. लेक आहे शेवटी. पण ती परगावी गेल्यापासून एक गोष्ट बदलली आहे. तिचा फोन आला की वहिनी बोलतात, चौकशी करतात, काळजी घे म्हणतात, आणि बोलायला सुरुवात करण्याआधी फोन टेबलावर पालथा घालतात.

लाल दोऱ्याचं खाच मारलेलं ते रीळ आता माझ्याकडे आहे. घरी आल्यावर वहिनींनी ते माझ्या हातात ठेवलं. "शाळेत न्या," म्हणाल्या. "पोरांना द्या." मी ते वर्गात मुठीत धरतो आणि मुलांना सांगतो, तेच तुम्हालाही सांगतो. उद्या तुमच्या घरात दिवा बोलू लागेल, फोटोतून पाणी गळेल, कुणाच्या अंगात कुणी येईल. हात जोडायच्या आधी एक रीळ मुठीत धरा. जो सगळं जाणतो त्याला ते दिसलंच पाहिजे. नाही दिसलं, तर कुणाला काय दिसतंय आणि कुठून दिसतंय, हे शोधा. शोधताना आपल्या माणसांना वगळू नका. मी वगळलं होतं. आणि बायांनो, छातीत गाठ आली असेल तर दिव्याला विचारू नका, डॉक्टरांना विचारा, आजच विचारा.